परबांच्या गाडीतले दिवड

सापांचे किस्से जमायला सापांच्या गावात राहावं लागतं असं काही नाही. शारजाच्या अल मजाजमधून रोज सकाळी दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्सला जाणारी एक गाडी पकडली तरी पुरतं. रस्ता तुंबलेला, समोर कालच्याच ट्रकची पाठ, आणि गाडीत चार मराठी माणसं. एकजण काहीतरी सांगतो, त्यावरून दुसऱ्याला आठवतं, आणि ऑफिस यायच्या आत सगळ्यांचं सगळं सांगून होतं. आमच्या गाडीत मात्र जे सांगून होतं ते सगळं सापांवरच येऊन थांबतं. त्याला कारण परब.

गाडी परबांची. बाकीचे आम्ही तिघं महिन्याचे पैसे देऊन बसतो, त्याला इथे कारलिफ्ट म्हणतात. मागे उजवीकडे मुकादम, मूळचे दापोलीचे, शिपिंग कंपनीत आहेत. डावीकडे लिमये, पुण्याचे, बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतात आणि कुठल्याही गोष्टीला पुरावा मागतात. मी एका इंटिरिअर कंपनीत ॲडमिन बघते. मागे बसलं की मला मळमळतं, म्हणून पुढच्या सीटवर बसते. तेवढ्या एका कारणावरून मी सर्पतज्ज्ञाची असिस्टंट झाले.

परब कुडाळकडचे. गावात असताना साप धरून रानात सोडायचे. इथे एका कन्सल्टंटकडे डॉक्युमेंट कंट्रोलर आहेत, म्हणजे दिवसभर ड्रॉइंगवर शिक्के मारतात. पण तिकडे पाऊस सुरू झाला की त्यांचा फोन सकाळपासून वाजायला लागतो. कुडाळ, मालवण, संगमेश्वर, कुठूनही. घरातले पुरुष आखातात, घरात बायका आणि म्हातारी माणसं, आणि न्हाणीघरात साप. फोटो आधी इकडे त्या पुरुषांकडे येतो. त्यांच्याकडून परबांकडे येतो. परब सांगतात काय आहे ते, आणि ते उत्तर परत तिकडे जातं. तोवर तिकडे सगळे पाटावर पाय वर घेऊन बसलेले असतात.

गाडी चालवताना फोन हातात धरला तर दंड होतो. त्यामुळे फोटो मी बघायचा आणि वर्णन करायचं.

पहिल्या दिवशी मला काही सांगता येईना.

"रंग कसा आहे?" परबांनी विचारलं.

"मळकट. पिवळट. वर काळे चौकोन आहेत."

"कसे चौकोन?"

मी मागे वळून पाहिलं. "लिमयांच्या शर्टासारखे."

परबांनी आरशातून लिमयांचा शर्ट पाहिला. "डोळ्याखाली काळी रेघ आहे? तिरकी?"

"दोन आहेत. एक डोळ्याखाली, एक मागे."

"दिवड," परब म्हणाले. "पुस्तकात विरोळा म्हणतात. पाण्यातला साप. बेडूक, मासे खातो. विष नाही. दार उघडं ठेवा म्हणावं, जाईल."

 तो शर्ट लिमयांनी नंतर घातला नाही.

*

फोटो पाठवणाऱ्यांची एक वेगळीच जात असते. आधी मारतात, मग विचारतात.

अबूधाबीच्या मुसफ्फा भागात गुरव म्हणून एकजण आहे, स्कॅफोल्डिंगच्या कामावर. त्याच्या भावाने गावाहून एक फोटो पाठवला, गुरवने तो परबांना पाठवला. खाली लिहिलं होतं, 'अर्जंट. विषारी की बिनविषारी?' मी फोटो उघडला आणि लगेच बंद केला.

"सांगा ना," परब म्हणाले.

"सांगण्यासारखं काही उरलेलं नाही."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गुरवला फोन लावून म्हणाले, "ह्यात साप कुठला आणि काठी कुठली तेवढं आधी सांग."

गुरव म्हणाला, "पण भाऊ विचारतोय, विषारी होता का?"

"आता नाही," परब म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचा अर्धा रस्ता ते इंडिकेटर देत राहिले. परब रागावले की इंडिकेटर फार वेळा देतात, एवढंच कळतं. नंतर म्हणाले, "दिवड सगळ्यात जास्त मरतो. चिडका असतो ना. डिवचलं की मान चपटी करतो, उडी मारतो, चावतो, परत चावतो. लोकांना वाटतं नाग. आणि खरा नाग गुपचूप बिळात जातो."

मुकादम मागून म्हणाले, "माझा मेहुणा असाच आहे. त्याच्या पोटात पण काही नाही."

*

मान चपटी करण्यावरूनच एकदा मोठं प्रकरण झालं. अबूधाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत पाटीलवहिनी राहतात, त्यांचं सासर सांगलीकडे. सासरच्या शेततळ्यात नाग निघाला. सासूबाईंनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, वाटीत दूध ठेवलं. सगळं झाल्यावर फोटो काढून सुनेला पाठवला, सुनेने तो परबांना पाठवला.

चौकोन होते. डोळ्याखाली रेघ होती. मी तर फोटो बघताक्षणीच म्हटलं, "दिवड." एव्हाना मलाही यायला लागलं होतं.

परबांनी वहिनींना तसं कळवलं. वहिनींनी सासूबाईंना कळवलं. उलट उत्तर आलं ते असं, की तिकडे एसीत राहून ज्यांची श्रद्धा गेली त्यांनी आमच्या नागाला नावं ठेवू नयेत. वहिनींशी सासूबाई गणपतीपर्यंत बोलल्या नाहीत.

तेव्हापासून परबांनी एक पद्धत ठेवली आहे. फोटो आला की पहिला प्रश्न, "पूजा झाली का?"

झाली नसेल तर जात सांगतात. झाली असेल तर म्हणतात, "नमस्कार करा आणि लांब राहा."

लिमयांना हे पटत नाही. ते म्हणाले, "म्हणजे सत्य लपवायचं?"

परब म्हणाले, "साप जगला, सासू जगली. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

*

आता लिमयांचा स्वतःचा किस्सा. हा सांगायला त्यांची हरकत आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

लिमयेवहिनींनी नर्सरीतून तुळशीची कुंडी आणली. इथल्या नर्सरीत झाडं माती-बिती घेऊन आपल्याकडूनच येतात. शनिवारी सकाळी परबांना फोन. लिमयांचा आवाज अगदी बारीक झालेला. बाथरूममध्ये साप आहे, ते कमोडच्या झाकणावर उभे आहेत, आणि साप त्यांच्या आणि दाराच्या मध्ये आहे.

परब आणि मी एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, लिमये पलीकडच्या. दोघं गेलो. बाथरूमच्या दाराशी त्यांची मुलगी ईरा कॉर्नफ्लेक्स खात उभी होती. परबांनी विचारलं, "केवढा आहे गं?"

"अंकल, इट्स लिटरली अ शूलेस," ती म्हणाली.

आत एक काळपट, चकचकीत, वीतभरही नसलेला जीव फरशीवर वळवळत होता. परबांनी तो कागदावर घेतला. "वाळा. कुंडीतून आला. मुंग्यांची अंडी खातो. विष नाही, आंधळा आहे बिचारा."

लिमये झाकणावरूनच म्हणाले, "आंधळा आहे तर माझ्याकडे तोंड करून रोखून कसा बघत होता?"

"ते शेपूट होतं," परब म्हणाले.

*

परबांची आई. तिच्याबद्दल आधी सांगायला हवं होतं, कारण गाडीत रोज सकाळी पहिला आवाज तिचाच लागतो.

ती गावी एकटी असते. परसात विहीर आहे आणि त्या विहिरीत पिढ्यान्‌पिढ्या दिवड आहेत. आई रोज उठून विहिरीवर जाते, परत येऊन मुलाला व्हॉइस मेसेज पाठवते. आज दोन दिसले. आज एक पायरीवर ऊन घेत होता. आज मोठीने बेडूक धरला. मुलगा कसा आहे, जेवतो का, हे ती विचारत नाही. परब ऐकतात, "बरां" म्हणून उत्तर देतात आणि गाडी गिअरमध्ये टाकतात.

परबांना एकच भीती आहे आणि ती ते उघड बोलतात. आई सत्तरीच्या पुढची. हात कुठेही घालते, पालापाचोळ्यात, दगडाखाली, पाटाच्या पाण्यात. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की तिला कामं आठवतात. तालुक्याचं हॉस्पिटल लांब, पावसात रस्ता कसाही. "विहिरीत दिवड आहेत हे ठीक," परब म्हणतात, "पण आजूबाजूला फुरसं आहे, घोणस आहे. ती सगळ्यांशी दिवडासारखीच वागते."

म्हणून तिला इकडे आणायची त्यांची धडपड. एकदा आणलीही. व्हिजिट व्हिसावर, महिन्याभरासाठी. परबांचा फ्लॅट खालिद लगून या खाडीच्या अगदी समोर. घरातल्या घरात आईला पाणी दिसावं म्हणून त्यांनी जास्त भाडं भरून तो घेतला होता.

आई गॅलरीत बसायची. पहिले काही दिवस नुसती बघत होती. कारंजं, बोटी, संध्याकाळी फिरणारी माणसं. मी एकदा चहाला गेले होते. मला म्हणाली, "एवढां पाणी आसा आणि तेच्यात कोण ऱ्हवणा नाय?"

मी म्हटलं, "मासे असतील की."

"मासे दिसाक व्हये ना," ती म्हणाली.

व्हिसा संपायच्या आधीच ती परत गेली. विहिरीकडे बघायला कोणी नाही, हे कारण सांगितलं. एअरपोर्टवर परबांनी तिला पुन्हा विचारलं, कायमची येतेस का. तिने त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि व्हीलचेअरवाल्याला हिंदीत म्हणाली, "चलो."

मला परबांचं तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

*

आमच्या ऑफिसच्या टॉवरखाली तळं आहे. एकदा सगळ्या मजल्यांवर मेंटेनन्सचा ईमेल आला, तळ्यात साप दिसला आहे, कृपया काठाला जाऊ नये. ईमेल वाचल्याबरोबर सगळे काठाला गेले.

परब माझ्याच टॉवरमध्ये, दोन मजले खाली. लंचला मला लिफ्टमध्ये भेटले. केस नीट बसवलेले होते. तेही तळ्याकडेच निघाले होते.

तळ्याच्या मधोमध काहीतरी लांबट, काळं, वळणं घेत तरंगत होतं. सिक्युरिटीवाल्याने दोरी बांधून लोकांना मागे धरलं होतं. एक इजिप्शियन साहेब सर्वांना सांगत होते की हा कोब्रा आहे, हबीबी, त्यांनी चॅनलवर पाहिला आहे. परब पुढे गेले, डोळ्यांवर हात धरून उभे राहिले. एक मिनिट झालं, दोन झाली.

"काय आहे?" मी विचारलं.

"पाइप आहे. तळं साफ करायचा."

"केव्हा कळलं?"

"आल्या आल्या," ते म्हणाले आणि आणखी थोडा वेळ बघत राहिले.

*

समुद्रावरचा किस्सा मुकादमांच्या पिकनिकचा. हिवाळ्यात दोन दिवस जोराचा वारा होता, तो पडल्यावर मुकादमांनी सगळ्यांना उम्म अल कुवेनच्या किनाऱ्यावर नेलं. बिर्याणी, पोरं, पतंग. आम्ही पाण्याच्या कडेने चालत होतो आणि वाळूवर साप. पिवळट, अंगावर काळे पट्टे, निपचित.

एव्हाना लिमये गाडीत बसून बसून जाणकार झाले होते. ईरासमोर तुळशीच्या कुंडीचा डाग धुऊन काढायचा होता, तेही असेल. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"घाबरू नका. पाण्यातला आहे, म्हणजे दिवड. बिनविषारी. बेडूक, मासे खातो. बिचारा दमलाय, पाण्यात सोडू या." आणि ते उचलायला खाली वाकले.

परब मागे होते. त्यांना मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. त्यांनी लिमयांची कॉलर धरून अशी ओढली की लिमये वाळूत बसले आणि शर्टाचं वरचं बटण मुकादमांच्या बिर्याणीच्या दिशेने गेलं.

"शेपूट बघा," परब म्हणाले.

शेपूट चपटं होतं. होडीच्या वल्ह्यासारखं.

"समुद्रातला आहे. थंडीत असे बाहेर फेकले जातात. नागापेक्षा जहरी. हात लावायचा नाही, मेल्यासारखा दिसला तरी नाही."

"पण किती शांत आहे," लिमये म्हणाले.

"शांतच असतो. दिवड नुसता तोंडाळ. ह्याला बोलायची गरज नाही."

मुकादमांनी पोरांना लांब नेलं, बीचवरच्या माणसाला अरबीत सांगितलं, त्याने योग्य त्या लोकांना फोन केला, खलास. परतीच्या वाटेवर लिमये बटण नसलेला शर्ट धरून बसले होते. शेवटी त्यांना राहवेना.

"तुम्हीच शिकवलं होतंत. पाण्यातला म्हणजे दिवड, दिवड म्हणजे बिनविषारी."

परब म्हणाले, "मी कुडाळचं शिकवलं होतं."

*

आणि हा मागच्या जुलैतला.

सकाळ होती, गाडी हायवेवर मुंगीच्या पावलाने चालली होती. आईचा मेसेज आला. मी नेहमीसारखा लावला.

आई म्हणाली, विहिरीकडचा पाट तुंबला म्हणून दगड सरकवत होते, हाताला साप चावला. रक्त आलंय थोडं. दिवडच आहे, पाण्यातच बसलाय अजून. सुलभाने फोटो काढलाय. मी आता चहा करते.

सुलभावहिनी शेजारच्या. फोटो लगेच आला.  परबांनी फोटो मागितला नाही. म्हणाले, "सांगा."

मी सांगितलं. चौकोन आहेत. डोळ्याखाली रेघ आहे. मागे दुसरी आहे.

"परत सांगा."

परत सांगितलं. मागून लिमये अगदी हळू आवाजात म्हणाले, "दिवड आहे परब. नक्की दिवड आहे."

परबांनी गाडी कडेला घेतली, चारही दिवे लावले आणि आईला फोन केला. स्पीकरवर होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"आये, चावलो तेव्हा बघलंस?"

"नाय रे. हात दगडाखाली होतो."

"मगे ह्यो खंयचो?"

"बाजूकच होतो. दिवड रे तो. आपलोच."

 आमच्या शेजारून गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीसरशी आमची गाडी हलत होती.

मग ते म्हणाले, "आये, तो दिवड नाय. विषारी आसा. आताच्या आता हॉस्पिटलात जा."

पलीकडे चहाचं भांडं वाजलं. मग आई म्हणाली, "मेल्या, डोळे फुटले काय तुझे?"

"मी फोटो बघलंय. विषारी आसा."

"मी खंय जावचंय नाय. चाय उकळता हय."

"आये, तू बघतंस काय मी बघतंय? सगळो गाव माका इचारता. तूच फक्त ऐकणंस नाय." आवाज चढला होता. परबांचा आवाज चढतो हे आम्हाला माहीत नव्हतं. मग तो परत खाली आला. "हात हलवू नको. बांगड्यो काढ. कायएक बांधू नको. सुलभावयनीक फोन दी."

सुलभावहिनींच्या नवऱ्याची रिक्षा होती. आई शिव्या देत रिक्षात बसली, त्या शिव्या आम्ही ऐकल्या. फोन ठेवल्यावर परबांनी पुढे बघत विचारलं, "निघायचं ना?" जसं काही आम्हीच गाडी थांबवली होती.

 शेवटी लिमयांनी विचारलंच. त्यांना पुरावा लागतो.

"पण तो दिवडच होता ना?"

"होता."

"मग?"

"फोटोतला दिवड होता," परब म्हणाले. "चावला तो मी पाहिला नाही. तिनेही पाहिला नाही. आणि 'कदाचित' म्हटलं असतं तर ती चहा पीत बसली असती."

त्या दिवशी मी स्टेशनरीची एकच ऑर्डर दोनदा पाठवली. दुपारी मुकादम नमाज पढून परबांच्या ऑफिसात गेले. म्हणाले, "तुमच्या आईसाठी पण मागितलं." परब म्हणाले, "थँक्यू." मग दोघं खुर्च्या ओढून फोनकडे बघत बसले. लिमये दर अर्ध्या तासाने आमच्या गाडीच्या ग्रुपवर नुसतं प्रश्नचिन्ह टाकत होते, आणि मी सुलभावहिनींना विचारून उत्तर देत होते. रिक्षा ओढ्याच्या पुलावर थांबली. पोचल्या. सुई दिली. सूज नाही. लघवी तपासली, ठीक. रात्रभर ठेवून घेतायत.

दुसऱ्या दिवशी आईला घरी सोडलं. काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, आजी, हा दिवड आहे.

आईने ते व्हॉइस मेसेजवरून आमच्या गाडीत सांगितलं, रिक्षात सांगितलं, वाडीत शिरल्यावर घरोघरी सांगितलं. परबांनी चुकून एकदाही खुलासा केला नाही. आम्हालाही करू दिला नाही. मी म्हटलं, निदान आता तरी तिला खरं सांगा, लोक तुम्हाला हसतायत. ते म्हणाले, "चुकणाऱ्याचं एखाद्या वेळी बरोबर येतं. खोटं बोललो हे कळलं तर पुढच्या वेळी जाईल का ती?"

हळूहळू त्यांच्याकडे येणारे फोटो कमी झाले. कुडाळकडचे तर बंदच झाले. गुरवसुद्धा आता दुसऱ्या कोणालातरी विचारतो. सकाळी गाडीत आईचा मेसेज झाला की फोन शांत असतो आणि लिमये क्रिकेटबद्दल बोलतात.

ऑगस्टमध्ये एकदा सकाळी वाडीच्या ग्रुपवर कोणीतरी साप टाकला. चौकोन होते, डोळ्याखाली रेघ होती. मी परबांना सांगणार, तेवढ्यात खाली आईचा व्हॉइस मेसेज आला. सगळ्या ग्रुपसाठी होता. मी लावला.

"दिवड आसा तो. मारू नकात. आणि फोटो हय माका पाठवा, माझ्या झिलाक पाठवू नकात. तिकडे ऱ्हवान ऱ्हवान तेका आता दिवडपण वळखाक येणा नाय."

सिग्नल सुटला होता, मागून हॉर्न वाजत होते.

"परत लावा," परब म्हणाले.